दोन सह्या

नगरपालिकेच्या सभेत ठराव मंजूर झाला, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या दिगंबरअण्णांनी डोळे पुसले. पालिकेच्या गाळ्यांचं थकलेलं भाडं आता हप्त्यांनी भरता येणार होतं. बायकोच्या आजारपणात त्यांचंही भाडं थकलं होतं. ती गेल्यावर हार्मोनियम दुरुस्तीचा तो गाळा, एवढंच काय ते त्यांचं उरलं होतं.

अट एकच होती. गाळा ज्यांच्या नावावर, त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. वडिलांमागे तो दोघा भावांच्या नावावर झाला होता. अण्णा तसेच पेढे घेऊन धाकट्या मुकुंदाच्या घरी गेले.

मुकुंदानं पेढा खाल्ला, पण सही केली नाही.

"अण्णा, आता पुरे झालं. गाळा सोड आणि इथं माझ्याकडे येऊन राहा."

"अरे, तिथं बसलो की दिवस जातो माझा. तुझं काय जातंय सही करायला?"

मुकुंदाची मान खाली गेली. "वहिनीला शब्द दिलाय मी. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, 'भावोजी, माझ्यामागं ह्यांना त्या गाळ्यात एकटं मरू देऊ नका.'"

"मला नाही कधी बोलली," अण्णा एवढंच म्हणाले. तिच्या शब्दापुढं त्यांना भांडता येईना.

आठवड्यानं त्यांनी गाळ्याची किल्ली पालिकेत दिली. मुकुंदाच्या घरी त्यांना कशाची ददात नाही. फक्त सकाळी जेवण झालं, की ते टोपी घालून दारापर्यंत येतात. "कुठं निघालात?" असं मुकुंदाच्या सुनेनं विचारलं, की थोडा वेळ आठवल्यासारखं करतात आणि आत जाऊन बसतात.