नजरेच्या वाटेत

फोटोतली यांदे पाठमोरी होती. कमरेचं वस्त्र जरासं खाली सरकलं होतं आणि त्याच्या वर मण्यांचे तीन सर दिसत होते. ते सर नवऱ्याखेरीज कुणी पाहायचे नसतात. त्यांची किणकिणसुद्धा त्याच्यापुरतीच. मान वळवून ती कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला बघत होती.

वाली न्जाय मण्यांपाशी थांबला नाही. तो त्या नजरेपाशी थांबला. सहा वर्षांच्या संसारात ती त्याच्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

चारला प्रदर्शनाचं दार उघडणार होतं. "तू आधी बघ. नको म्हणालास तर फोटो उतरवायला लावते," असं यांदेने सकाळीच सांगितलं होतं. आता ती त्याच्या मागे पर्स घट्ट धरून उभी होती.

भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या दोन मुली फोटोपुढे रेंगाळल्या.

"जगाकडे पाठ फिरवलीय बघ तिने. तोच अर्थ आहे याचा."

"पाठ कसली, कंबर बघ! हिच्या नवऱ्याला ठाऊक आहे का?"

फोटोग्राफर बिराम जोप शिडीवरून उतरला. "आला का भातखाऊ! अरे न्जाय, भिंतीवरचं खाता येत नाही."

न्जाय आणि जोप आडनावांची माणसं भेटली की एकमेकांना खादाड ठरवून टोमणे मारायचे आणि कुणी राग धरायचा नाही, हा डकारमध्ये सगळ्यांनी पाळलेला रिवाज. मुली हसल्या.

"कुणाकडे बघतेय ती?" वालीने विचारलं.

"माझ्याकडे! समोर जोप असताना दुसरीकडे कोण बघेल?"

"मी थट्टा करत नाहीये."

"न्जायला थट्टा जमतच नाही, हेच तर दुखणं आहे!"

पुन्हा हशा. वालीचे हात शिवशिवत होते. पण न्जायने जोपची गचांडी धरली असती, तर तोही विनोदच ठरला असता.

वालीचा धंदा चष्म्याची भिंगं घासून घडवण्याचा. समोर जे असतं ते बुबुळावर उमटतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. फोटो दाराएवढा होता. त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि नाक टेकेल इतका जवळ गेला.

बुबुळात एक उभा, उजळ चौकोन होता. चौकोनात कुणीतरी उभं होतं. उघड्या खांद्याचं.

वालीचे कान तापले. "बिरामने सदरा काढला होता?" तो हळूच म्हणाला.

यांदेने त्याच्याकडे पाहिलं. "नीट बघ."

त्याने भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. चौकोनातलं माणूस पाठमोरं होतं. डोक्याला फडकं, फडक्याची गाठ डाव्या कानावर. फोटोतल्या यांदेच्या गाठीसारखीच.

"आरसा," तो म्हणाला.

"मीच ठेवायला लावला. बिरामला म्हटलं, तू काय टिपतोयस ते आधी मला दिसू दे."

"म्हणजे तू..."

"हो. स्वतःकडे."

"अशी?"

त्या बुबुळात बिराम असता तर वालीला निदान भांडता आलं असतं.

"मग, भातखाऊ?" बिरामने खिळे काढायची पक्कड वर धरली. "ठेवू की काढू?"

बाहेर लोक जमल्याचा आवाज येत होता.

"असू दे," वाली म्हणाला.

दार उघडलं. माणसं आत आली, पांगली. वालीने भिंग खिशात टाकलं. फोटोकडे तोंड ठेवून तो चार पावलं मागे सरकला, मग थोडा उजवीकडे, मग आणखी थोडा, जिथे ती नजर पोचत असावी तिथपर्यंत.

"ए न्जाय!" बिराम ओरडला. "तिथं आरसा होता, भाताचं पातेलं नव्हे!"

सगळे हसले. यांदेही हसली, त्याच्याकडे बघून.

फोटोतली मात्र त्याच्या आरपार बघत होती.