नव्या खेळातला निरंजन

नवरा निरंजन वारून वर्ष झालं, तरी शाल्मली त्याच्याशी रोज ‘रणांगण’ या ऑनलाइन खेळात भांडायची. तिथे मेलेल्या खेळाडूचं पात्र त्याच्याच स्वभावाने जगत राही. आज धाकटा दीर हृषीकेश याने निरंजनला ‘नवक्षितिज’ या नव्या खेळात आणलं होतं.

“बघा वहिनी, चेहरा किती जिवंत! ‘रणांगण’ याच्यापुढे भंगार आहे.”

शाल्मली पडद्याला म्हणाली, “तुझ्या हट्टापायी माझी नोकरी सुटली.”

“चुकलो गं. माफ कर,” निरंजन हसून म्हणाला.

“हा तो नव्हे. त्याने जन्मात माफी मागितली नाही. मला जुनाच हवा.”

हृषीकेश चाचरला. “तो पुसला गेला, वहिनी. दोन्हीकडे ठेवता येत नाही.”

“कुणाला विचारून पुसलास? चालता हो!”

“शांत हो गं,” पडद्यातून प्रेमळ आवाज आला.

शाल्मलीने खसकन वायर उपटली.