चौथा आकडा

मांजर्लीच्या सुदामरावांचा प्रज्वल गेला आणि त्याची बिटकॉइनची सगळी कमाई पेनड्राइव्हएवढ्या एका वॉलेटमध्ये कुलूपबंद राहिली. धाकट्या बहिणीची, तेजस्वीची कॉलेजची फी त्यातूनच भरायची होती. चार आकडी पिन पोराने तिलाही सांगितला नव्हता. तीनदा चुकला की सगळं पुसलं जाणार, आणि सुदामराव दोनदा चुकून बसले होते.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नाही. घरी आल्यावर त्याच्या आईने, चांगुणाबाईंनी वायर लावून वॉलेट प्रज्वलच्या फोटोपुढे ठेवलं आणि पिंडापुढे जोडतात तसे हात जोडले.

“तेजूला शिकवू रे, बाळा.”

टिक. कुणी हात न लावता कळ दाबली गेली आणि पडद्यावर एक ठिपका उमटला. खोटं वाटेल, वाटू दे.

“तुझी बाईक विकणार नाही.”

टिक.

“बापाला दारूला शिवू देणार नाही.”

“अगं, माझं कशाला मध्ये?” सुदामराव पुटपुटले, पण टिक झालंच.

मग मात्र सगळं गप्प. चांगुणाबाईंनी देवाधर्माचं, नवसाचं, होतं नव्हतं ते कबूल केलं. ठिपके तीनच.

सुदामराव वैतागले. “लेका, आणखी काय पाहिजे? आता मी येऊ का तिकडे?”

टिक.

वॉलेट उघडलं.