टपरीसमोरचा संडास

"घ्या ना अजून एक कप," म्हणत मी नाझनीनबाईंच्या कपात चहा ओतला. स्वतःला घेतला नाही. मदतसंस्थेच्या या बाई ढाक्याहून आमच्या रोहिंग्यांच्या छावणीत आल्या होत्या. संस्थेनं बायकांसाठी बांधलेला नवाकोरा संडास बायका वापरत का नाहीत, याचा त्यांना शोध लावायचा होता. सकाळी त्यांनी तो लावलाही: आम्ही अडाणी आहोत. मग आम्हा म्हाताऱ्यांना रांगेत बसवून त्यांनी टाळ्या वाजवत हात धुण्याचं गाणं शिकवलं.

पाहुणीला एका कपावर सोडायची आमच्यात पद्धत नाही. तिसऱ्या कपानंतर बाई चुळबुळ करायला लागल्या.

"खाला, मी जरा जाऊन येते."

"जा की. तुम्हीच बांधलाय."

संडासाचं दार नेमकं चहाच्या टपरीसमोर उघडतं आणि टपरीवर छावणीतले तमाम बाप्ये दिवसभर पान चघळत बसलेले असतात. बाई टेकाड चढून दारापर्यंत पोचल्या, तशा टपरीवरच्या गप्पा बंद झाल्या. सगळ्या माना वळल्या. बाई कडीला हात न लावताच लालबुंद होऊन परतल्या.

"तुम्ही सगळ्या काय करता मग?"

"अंधार पडायची वाट बघतो. म्हणून तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही. तुम्ही मात्र तीन कप ढोसलेत."

बाईंनी पाय आवळून घेतले. "अंधार पडायला किती वेळ आहे?"

"बराच," मी म्हणाले. "तोवर गाणं म्हणायचं का?"