चार डोस

बायकोला एक मूत्रपिंड देण्यात निरीक्षकाचा फायदाच फायदा होता. दोनांतलं एक जाणार, पण त्याबरोबर तिच्या एकतीस वर्षांच्या तक्रारीही जाणार. विसरलेले वाढदिवस, तिने एकटीने काढलेली दुखणी, माहेरच्या माणसांसमोर तिच्यावर चढवलेला आवाज, सगळं एका टाक्यात शिवून टाकता येणार होतं. सव्वीस वर्षं तोंड न दाखवणाऱ्या मेव्हण्याने आपण होऊन फोन केला होता, "भावोजी, मानलं तुम्हाला." कार्यालयात टेबलावर फुलं आली होती. ऑपरेशनची तारीख ठरायची होती. कौतुक मात्र आगाऊ पोचलं होतं.

दुकानांतली वजनं-मापं तपासण्यात त्याची नोकरी सरत आली होती. मापात कुणी पाप केलं तर ते आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं, असं तो सांगे. म्हणजे न विचारताही सांगे.

डॉक्टरबाईंनी अहवाल उघडला आणि पुन्हा मिटला.

"काका, रक्तगट जुळतो. मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. पण तुमच्या रक्तातल्या पेशींवर काकूंचं रक्त घालून पाहिलं, तर त्यांच्या रक्तानं तुमच्या पेशी मारून टाकल्या."

"किती?"

"जवळजवळ सगळ्या."

"घरात हेच चालतं," निरीक्षक म्हणाला. स्वतःच हसला. बायको मनगटावरची पट्टी नीट करत होती. सकाळीच ती डायलिसिसच्या यंत्रावरून उतरली होती. "पण मला सांगा, हिच्या रक्ताची आणि माझी गाठ पडलीच कुठे?"

"लस कशी काम करते, ठाऊक आहे ना? जंतूचा निरुपद्रवी तुकडा शरीराला दाखवायचा. हा परका, एवढं शरीर लक्षात ठेवतं. पुढे खरा जंतू आला की त्याच्यावर तुटून पडतं. काकूंच्या शरीरानं तुम्हाला आधी पाहिलंय. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं. त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात."

"म्हणजे मला यांची लस टोचलीय," बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंना हसू आवरलं नाही. "तसंच समजा. दर खेपेला एक डोस. पुष्कळ बायकांत हे ओळखणं एवढं वाढत नाही. तुमच्यात फारच वाढलंय." त्यांनी फॉर्म जवळ ओढला. अक्षर निरीक्षकाचं होतं, आकडे छापल्यासारखे. "गर्भधारणा दोन, असं लिहिलंय."

"दोनच. एक मुलगा, एक मुलगी."

"चार," बायको म्हणाली.

"अगं, मुलं दोन नाहीत का आपल्याला?"

"त्यांनी मुलं कुठे विचारलीत?"

बायको डॉक्टरबाईंकडे बघून बोलत होती, वाण्याला यादी सांगावी तशी. "पहिलं लग्नाच्या वर्षीच. यांची खात्याची परीक्षा होती. आत्ता नको म्हणाले, म्हणून काढलं. दुसरं, मुलीच्या पाठचं, सव्वीस वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात आपलं आपण गेलं. हे दौऱ्यावर होते. भावानं उचलून दवाखान्यात नेलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. यांना तार केली होती."

"तेव्हा तपासणी अर्ध्यात..." निरीक्षक म्हणाला.

डॉक्टरबाईंनी दोनावर काट मारून शेजारी चार लिहिलं. "रक्ताचंही लिहिते. त्यानंही वाढतं."

"मग मुलीचं घ्या. ती तयार आहे."

"तिचीही तपासणी केली, मुलाचीही. दोघांत निम्मे तुम्हीच आहात, काका. तेवढं निम्मंही काकूंचं शरीर ओळखतं."

"औषधानं उतरवा की!"

"एवढं चढलेलं उतरवायला जी औषधं लागतात, ती काकूंचं हृदय सोसणार नाही. यादीत नाव ठेवू. कुणा परक्याचं जुळलं तर बघू. पण जुळणं कठीण आहे."

"परक्याचं चालेल?"

"ज्याच्याशी त्यांच्या शरीराची ओळख नाही, अशा कुणाचंही."

निरीक्षक उठून उभा राहिला. कुठे जायचं नव्हतं, म्हणून पुन्हा बसला. "अहो, मी देतोय ना!" तो ओरडला. हा आवाज ऐकून भलेभले दुकानदार तागडी खाली ठेवत. डॉक्टरबाईंनी फक्त मान हलवली.

बाहेरच्या बाकावर बसतात न बसतात तोच त्याचा फोन वाजला. मेव्हणा. त्याने पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं आणि घरातलं कुठलंही अवघड काम द्यावं तसा फोन बायकोच्या हातात दिला.

"हां, बोल रे," ती म्हणाली. "नाही, तारीख नाही ठरली. ठरणारही नाही." मग जरा थांबून, "नाही रे, हे कशाला मागे सरतील? हे तयारच होते. माझ्याच रक्तात दोष निघाला."

पलीकडून मेव्हणा मोठ्यानं म्हणाला, ते शेजारी निरीक्षकालाही ऐकू गेलं. "भावोजींना सांग, तरी मानलं त्यांना!"

तिने फोन परत दिला. निरीक्षकाची दोन्ही मूत्रपिंडं शाबूत होती, कौतुकही शाबूत होतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोवर ती पिशवीतून कार्ड काढून परवाच्या डायलिसिसचा नंबर लावायला खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.