सरळ रेघ

बाळंतपणाच्या रजेनंतर ती पहिल्यांदाच नवा रस्ता तपासायला आली होती. गुळगुळीतपणा मोजायचं यंत्र ठेकेदारानंच आणून गाडीला लावलं होतं. पडद्यावर रेघ अगदी सरळ उमटत होती. गाडीत बसलेल्या तिचे टाके मात्र हादऱ्याहादऱ्याला ठणकत होते.

“करा सही, ताई. पोटातलं पाणी हलणार नाही असा रस्ता केलाय,” ठेकेदार म्हणाला.

“मला तर चांगलेच धक्के बसले.”

“बाळंतपणानं नाजूक झालात तुम्ही! यंत्र काय खोटं बोलतंय होय?”

आपलंच काही चुकत असेल, या धास्तीनं तिनं पेन उघडलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या.



“जावईबापू, लांब पडलं तरी जुन्याच रस्त्यानं न्या,” तो ओरडला, “नव्यावर गाडी घालू नका!”