स्पर्श चालत नाही

कांताबाईंच्या आयटीतल्या लेकाने कोथरूडला घेतलेल्या फ्लॅटमध्ये त्यांची नात निकिता शेजारच्या आमोदशी कार्डं खेळत होती. तिच्या इवल्याशा विंचवाने त्याचा भलाथोरला ड्रॅगन लोळवला, तशा कांताबाईंच्या भुवया चढल्या.

"आजी, विंचवाला 'स्पर्श' आहे. नुसता शिवला तरी समोरचा मरतो."

"त्यात काय मोठं? माझी आई शिवली की अख्खी विहीर बाटायची."

आमोदने राजाचं कार्ड टाकलं. "याला 'संरक्षण' आहे. याच्यावर स्पर्श चालतच नाही."

"वा रे राजा! घे, खीर खा." कांताबाईंनी कौतुकाने वाटी पुढे केली.

 

आमोद कार्डांवरून नजर न काढता म्हणाला, "नको. आमची आजी म्हणते, तुमच्या घरी आलो की माझा उपास असतो."